मामींचा चोंबू आणि अंगणातला पाइप

मैलापूरच्या आमच्या आवारात पाच बिऱ्हाडं होती आणि पिण्याच्या पाण्याचा नळ एकच. दोन हजार साल उलटल्यानंतरची ती वर्षं पावसाने रुसून काढली होती. नळाला करंगळीएवढी धार यायची, तीही आमच्यावर उपकार केल्यासारखी. मी बँकेच्या बदलीने साताऱ्याहून आलेली, पाचवा महिना लागलेला, ओकाऱ्यांनी इतकी वैतागलेली की भिंतीशीसुद्धा भांडले असते. पोटात टिकायचं ते एकच, शेजारच्या मामींचं सार.

मामी तंजावरच्या मराठी घरातल्या. शाळेत तमिळ शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, तोंडाने फटकळ. त्यांचं मराठी दोन-तीनशे वर्षांपूर्वी घरून निघालेलं आणि वाटेत तमिळची सोबत घेतलेलं. सगळा शेजार ज्याला रसम म्हणे, त्याला त्या सार म्हणत आणि ते आईने लग्नात दिलेल्या करड्या, मऊ धातूच्या गोल भांड्यात, त्यांच्या चोंबूतच करत. तमिळमध्ये त्या धातूला ईयम म्हणतात. ईयमच्या चोंबूतल्या सारासारखं सार दुसरं नाही, हे तिथे शेंबडं पोरही सांगेल. रोज संध्याकाळी मामी वाटीभर आणून द्यायच्या आणि मी संपवेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत.

नळाला दाब येईना, म्हणून तो खाली घ्यायला सगळ्यांनी मिळून अंगण खणलं. खालून जाडजूड करडा पाइप निघाला. कोपऱ्यावर जोड नाही, नुसता वाकवलेला. माझा नवरा गुम्मिडिपूंडीला बॅटरीच्या कारखान्यात होता. तिथे शिशाचं काम करणाऱ्यांना हात घासून धुतल्याशिवाय डबा उघडू देत नसत, रक्तही तपासत. त्याने किल्लीने पाइप खरवडला. आत चांदीसारखा चकाकला, आणि याचा चेहरा उतरला. शिशाला तमिळ शब्द त्याला एकच ठाऊक, कारखान्यात ऐकलेला. तो आपल्या मोडक्या तमिळमध्ये ओरडला, "ईयम पाइप! ईयम!"

आवारात आनंदीआनंद झाला. "ईयमा? रोम्ब नल्लदु!" फारच छान म्हणे! मामींनी तर मला कोपराने ढोसलं. "पाहिलेंस गे? जुने लोक शहाणे होते. ईयमांतून आलेलें पाणीं म्हणजे अर्धें सारच कीं!" आणि खड्डा बुजवायला सांगितला.

नवरा समजावून थकला. माझा मात्र तोल गेला. मी म्हणाले, "मामी, ईयम विष आहे, विष!"

"मग माझ्या आईनें मला विष दिलें होतें काय?" एवढं बोलून त्यांनी दार लावून घेतलं. तरीही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साराची वाटी आलीच. भांडण भांडणाच्या जागी, सार साराच्या जागी, असा त्यांचा खाक्या. विष पाइपातलं, चोंबूत तर इथे सगळेच करतात, असं मनाला सांगून मीही निर्लज्जासारखी प्यायले.

वाटी न्यायला आल्या तेव्हा त्या थेट माझ्या नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. वर्गात प्रश्न विचारावा तसं विचारलं, "ईयम कोणतें? वेळ्ळीयम कीं कारीयम?"

त्याला एकच ईयम माहीत.

"पांढरें तें वेळ्ळीयम, तुमचें कथिल. काळें तें कारीयम, तुमचें शिसें. अर्धा शब्द सांगतां आणि आख्खें आवार भिववतां!"

"काळं, मामी, काळं," तो सुटल्यासारखा हसला. पाइपचा एक कपचा घेऊन त्याने वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर ओढला. शिसपेन्सिलीसारखी रेघ उमटली. कथिल असं सहज उमटत नाही, तो म्हणाला.

मामींनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग घरात गेल्या आणि चोंबू घेऊन आल्या. तोवर अर्धं आवार जमलं होतं. कोणी मागितला नव्हता, कोणाच्या मनातही आलं नव्हतं. माझ्या मात्र आता आलं, आणि मी घाबरून म्हटलं, "मामी, राहू द्या."

"कसाला राहूं दे? तूं रोज पितेस." त्यांनी चोंबूचा काठ त्याच कागदावर ओढला. पहिल्या रेघेशेजारी तशीच दुसरी रेघ आली. कधीकाळी कुठल्या तरी भांडेवाल्याने कथिल म्हणून शिसं देऊन त्यांच्या आईला फसवलं होतं.

मामींनी पदराने तोंड पुसलं. "उद्यां डॉक्टरांकडे जाऊं. मीच पाजलें म्हणून मीच सांगेन." आणि खरंच माझ्यासोबत येऊन त्यांनी ते जसंच्या तसं सांगितलं, एका शब्दाची सारवासारव नाही. माझ्या आयुष्यात एवढं धीट माणूस मी दुसरं पाहिलं नाही. रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. शिसं थोडं आहे, पण वेळेत थांबलात, काळजीचं कारण नाही, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी दवाखान्यातच रडले. मामी रडल्या नाहीत. घरी येऊन सरळ पाइपच्या मागे लागल्या.

पाचही बिऱ्हाडांना त्यांनी पाइप बदलायला तयार केलं. बदलेपर्यंत नळाचं पाणी धुण्या-सारवण्याला आणि पिण्याला फक्त टँकरच्या लॉरीचं, असा फतवा काढला. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, आम्ही उकळून घेऊ की. "उकळा. पाणीं आटेल, शिसें भांड्यांतच बसेल," मामी म्हणाल्या. गृहस्थ कळशी घेऊन लॉरीच्या रांगेत उभे राहिले.

चोंबू मोडीत द्यायला त्यांनी साफ नकार दिला. भांडेवाला वितळवून पुन्हा चोंबूच करील, पुन्हा कुणाच्या तरी लेकीला जाईल, म्हणाल्या. माझ्या नवऱ्याने तो कारखान्यात नेला. मामींच्या आईची भेट कुठल्या तरी बॅटरीत गेली.

त्यानंतर सार स्टीलच्या भांड्यात व्हायला लागलं. रोज त्या विचारायच्या, "कसें आहे?" मी म्हणायचे, "छान." त्या म्हणायच्या, "लटकें बोलूं नकोस."

मुलगी सहा महिन्यांची झाली, तेव्हा पहिला घास मामींनी भरवला. मऊ भात, त्यावर चमचाभर सार. पोरीने मिटक्या मारल्या आणि आणखी मागत दोन्ही हात पुढे केले.

मामींनी तिच्या हनुवटीवरचं सार बोटाने निपटलं. मग म्हणाल्या, "हिला ती चव ठाऊकच नाहीं." आणि दुसरा घास कालवायला घेतला.