सचिनहून आलेले दोन आकडे

तेव्हा मी रिंग रोडवरच्या एका गुजराती शेठच्या ऑफिसात नवीन लागले होते, तीही चाचणीवर. शहराबाहेर सचिन नावाच्या गावातल्या औद्योगिक वसाहतीत त्यांची कापड रंगवायची मिल होती आणि माझे वडील, आप्पा, तिथंच मशीनवर होते. शेठना इथं बसून त्या मशीनचं तापमान बघायचं होतं. शनिवारपर्यंत जमलं तर नोकरी पक्की, नाहीतर घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायच्या.

मिलमधल्या कॉम्प्युटरवर त्यासाठी एक फंक्शन, म्हणजे छोटा प्रोग्राम, होतं. फोनच्या लाइनवरून इथून हाक मारली की ते तिथं चालायचं. त्याला रिकामी व्हेरिएबल्स, म्हणजे आकडे ठेवायच्या जागा, द्यायची, ते भरून देतं, असं माहितीपत्रकात होतं. मला मासिकाच्या सीडीवर मिळालेल्या पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेचं खूळ लागलेलं. हाक त्यातूनच मारली. एरर नाही, काही नाही, आणि दोन्ही व्हेरिएबल्समध्ये ढिम्म शून्य.

"मशीन बरफ थई गयुं?" शेठ हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण शून्य का? जेवताना, रिक्षात, तेच डोक्यात. शेवटी फंक्शन परत काय देतं ते सहज पडद्यावर छापून बघितलं, तर सगळं तिथं हजर! आधी काम झाल्याची खूण, मग मशीनचं तापमान १३०, मग आणखी एक आकडा, ४७. जणू शेजारीण आपल्याच भांड्यातून भाजी पाठवत होती आणि मी माझ्या रिकाम्या वाटीत डोकावत बसले होते. एकटीच खदखदून हसले.

मग ४७ कसले, ते शोधलं. मशीनपाशी माणूस उभा राहतो, तिथल्या हवेचं तापमान. आप्पांना मी रोज आमच्या अहिराणीत विचारायचे, "काम कसं शे?" ते म्हणायचे, "बेस शे." हसू कुठल्या कुठे गेलं. मला रडूच आलं.

शनिवारी शेठनी १३० बघून मान डोलावली. मग बोट पुढे सरकलं. "आ बीजो आंकडो शेनो छे?"

मी सांगितलं.

"ए काढी नाख."

काढणं एका ओळीचं काम होतं. "शेठ, जवाब साथे ज आवे छे," मी म्हणाले. तो उत्तरासोबतच येतो हे खरंच होतं, फक्त दाखवायचा की नाही हे माझ्या हातात होतं.

शेठनी पडद्यावरचं बोट मागे घेतलं. "रहेवा दे," म्हणाले. "सोमवारथी तुं पक्की."

संध्याकाळी आप्पा घरी आले. मी विचारलं, "काम कसं शे?"

"बेस शे."

"सत्तेचाळीस शे, आप्पा," मी म्हणाले.