विभावरीने लिहिलेलं एक पान

विभावरी साने नवऱ्यामागोमाग डब्लिनला आली आणि काही वर्षांनी तिने क्लोनडॉकिनमध्ये छोटं किराणा दुकान काढलं. तीन वर्षांपूर्वी भरदुपारी एक माणूस आत शिरला आणि त्याने नळी कापलेली शॉटगन तिच्या छातीला लावली. तो पकडला गेला. बंदुकीचे आधीचे दोन गुन्हे त्याच्या नावावर होते. हा माणूस धोकादायक आहे, म्हणून न्यायाधीशांनी सात वर्षांची शिक्षा वाढवून अकरा केली. ती वाढ रद्द व्हावी म्हणून आज त्याचं अपील होतं.

तुरुंगातून तो कोर्टातल्या स्क्रीनवर दिसत होता. विभावरी त्याच्या हातांकडे बघत होती.

त्याची वकील उठली. "दुकानदारबाईंनी शिक्षेच्या वेळी, आपल्यावर काय परिणाम झाला ते कोर्टाला लिहून दिलं होतं," ती म्हणाली आणि वाचू लागली, "'मी आता पूर्ण बरी आहे. दुकान पूर्वीसारखंच चालू आहे. काळजीचं कारण नाही.'"

प्रल्हाद, तिचा नवरा, तिच्याकडे वळला. "हे तू लिहिलंस?"

"खरं लिहिलं असतं तर पेपरात आलं असतं. कुणीतरी सांगलीला आईला पाठवलंच असतं."

"अगं, ते कोर्टाला द्यायचं होतं. आईला खुशाली कळवायची नव्हती."

"हळू बोल."

आईला तिने 'चोर आला, पळाला' एवढंच सांगितलं होतं. दुकानात मात्र ती अजून दाराकडे पाठ करत नव्हती. मागच्या फळीवरचे पोहे गिऱ्हाइकालाच काढून घ्यायला सांगायची.

"मी उठून सांगू का?" तिने शेजारच्या महिला पोलिसाला विचारलं.

"इथे फक्त वकील बोलतात."

तिन्ही न्यायाधीश आत गेले. विभावरीने मनात हिशेब केला. चार वर्षं कमी झाली, तर चांगल्या वागणुकीची सवलत धरून तो दोन-सव्वादोन वर्षांत बाहेर. दुकानाचा पत्ता त्याला माहीत होता.

पंचवीस मिनिटांनी न्यायाधीश परतले. "वाढीव शिक्षा या माणसापासून असलेल्या धोक्यासाठी आहे. दुकानदारबाई सावरल्या, म्हणून तो धोका कमी होत नाही. अपील फेटाळलं आहे."

स्क्रीन बंद झाली. विभावरी बसूनच राहिली.

"माझ्या हाताने सोडवत होते मी त्याला," ती म्हणाली.

बाहेर येताच तिने फोन काढला.

"आत्ता सांगणार? त्यांची मालिका चालू असेल," प्रल्हाद म्हणाला.

"बंद करेल," ती म्हणाली आणि आईचा नंबर लावला.