हात लावला की लिहायचं

कुठलाही संगणक उघडण्यापूर्वी हवालदार खिडकीच्या लोखंडी गजाला तळहात टेकवायचे. अंगात साठलेली वीज सोडून द्यायची आणि मगच आतल्या भागांना हात लावायचा, असा त्यांचा नियम होता. "आधी गज, मग मशीन," असं ते प्रत्येक नव्या सभासदाला सांगायचे. तो विसरला, तर त्याचं मनगट धरून गजापर्यंत न्यायचे. त्या एका गजाचा हिरवा रंग वीतभर उडालेला आहे.

आमचा संगणकवेड्यांचा गट उंब्रजला दर रविवारी सकाळी जमतो. साताऱ्याकडच्यांना आणि सांगलीकडच्यांना ते मध्ये पडतं, म्हणून उंब्रज. मुजावरभाईंच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली आहे, तिथे. लोकांनी टाकून दिलेले संगणक आणायचे आणि तीन मोडक्यांतून एक चालता करायचा, एवढंच आमचं काम. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. वय चाळिशीपुढे, खिशात स्क्रू-ड्रायव्हर, आणि रविवारी कुठे जातो हे घरी नीट सांगता येत नाही.

हवालदार सांगलीकडच्या कुंडलचे. सैन्यात बिनतारी विभागात नोकरी करून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना मेजर म्हणायचो आणि ते दर वेळी दुरुस्त करायचे.

"मेजर न्हाई, हवालदार. मिळालं तेवढंच बोला."

"आवं, आमी बढती दिली की तुमास्नी," मुजावरभाई खालून ओरडायचे. "शिलाई मशीन पलटण!"

"तुमची बढती घिऊन कँटीनला गेलो तर दारातनंच हाकलत्याली, गड्या."

त्यांचं खरं कौशल्य धुळीत होतं. कॅबिनेटचं झाकण काढलं की ते आतली धूळ बोटावर घ्यायचे, चोळायचे, वास घ्यायचे आणि गाव सांगायचे. तांबडी असली तर मेढ्याकडची. काळी, हलकी असली तर साखर कारखान्याजवळची. एकदा पांढरी निघाली, तेव्हा म्हणाले, "ह्यो संगणक पिठाच्या गिरणीत ठेवलाय." मालक साताऱ्याचा वकील होता. त्याने ठाम नकार दिला. मग आठवून म्हणाला, ऑफिसच्या खालीच गिरणी आहे. हवालदार हसले नाहीत. त्यांनी वही ओढून लिहिलं: "धूळ साफ केली. पिठाची."

ती वही त्यांनीच सुरू केली होती. त्याआधी एका सभासदाच्या मुलीच्या लग्नाचे फोटो आमच्या खोलीत पुसले गेले. त्या मशीनला तिघांनी हात लावला होता आणि तिघांपैकी कुणीच काही केलं नव्हतं. पुढच्या रविवारी हवालदार लांब पानांची वही घेऊन आले. तीन रकाने आखले: काय बिघडलं, काय केलं, ताब्यात मिळालं. तिसऱ्यात मालकाची सही.

"फौजेत बॅटरी बदलली तरी लिवत्यात," ते म्हणाले. "हात लावला की लिहायचं. चांगलं केलं तरी, वंगाळ केलं तरी."

ते स्वतः सगळं लिहायचे. "एक स्क्रू कमी. माझ्याकडून हरवला." "पंखा उलटा बसवला होता, पुन्हा सुलटा बसवला. चूक माझी." आम्ही या नोंदी मोठ्याने वाचून हसायचो. पुढे हसणं थांबलं आणि वाचणंही थांबलं.

एका पावसाळ्यात आम्ही बारा संगणक उभे केले. ते मेढ्याजवळच्या एका शाळेला दिले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. हवालदारांनी एका मुलीचं मनगट धरून तिचा हात खिडकीच्या गजाला लावला आणि तिला तो नियम सांगितला.

वर्षभराने त्या शाळेतली एक शिक्षिका माझ्याकडे आली. मी वार्ताहर आहे, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिने मोबाइलवरचे फोटो दाखवले. शाळेची संगणक खोली रिकामी होती. आमचे संगणक शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांच्या खताच्या दुकानात आणि गोदामात होते.

"माझं नाव येणार नाही ना?" तिने विचारलं.

"येणार नाही," मी म्हणालो.

मी बातमीचा कच्चा मजकूर लिहिला. त्यात तिचं नाव होतं. छापायला देताना काढणार होतो. गटात मी कुणाला काही सांगितलं नाही. छापून येण्याआधी बोलायचं नाही, ही धंद्यातली सवय.

त्याच आठवड्यात माझ्या लॅपटॉपची डिस्क खराब झाली. रविवारी तो खोलीवर नेला. पासवर्डची चिठ्ठी मशीनवर चिकटवून द्यायची, ही आमची पद्धत. गटात कुणी कुणाच्या फाइली पाहत नाही, हे कधी ठरवावं लागलं नव्हतं. त्या दिवशी पाळी हवालदारांची होती. दुपारी त्यांनी लॅपटॉप परत दिला. वही पुढे केली, मी सही केली. मला साताऱ्याला पोहोचायचं होतं.

दोन दिवसांनी शिक्षिकेचा फोन आला.

"संगणक परत आले. बाराच्या बारा. काल शिक्षण खात्याची तपासणी पण झाली. माझी बदली केलीय, डोंगरातल्या शाखेत." मग तिने विचारलं, "तुम्ही माझं नाव कुणाला सांगितलं?"

"कुणालाही नाही."

"मग त्यांना कसं कळलं?"

तिने फोन ठेवला. बातमीही उरली नव्हती. संगणक शाळेत होते आणि तपासणीचा कागद संस्थेच्या बाजूचा होता.

काही दिवसांनी वर्षाच्या देखभालीसाठी आम्ही मेढ्याला गेलो. हवालदारांनी शाळेच्या खिडकीच्या गजाला तळहात टेकवला आणि पहिलं झाकण काढलं. तांबडी धूळ कुठेच नव्हती. आत पांढरे, दमट कण होते आणि खताचा वास होता. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात तेच.

"हवालदार, ही धूळ कुठली?" मी विचारलं.

त्यांनी बोट चोळलं नाही. वास घेतला नाही. ब्रश उचलून म्हणाले, "धूळ ती धूळ."

माझा संशय त्या वाक्यापासून सुरू झाला. पुढच्या रविवारी मी लवकर गेलो आणि वही उघडली. माझ्या लॅपटॉपची नोंद त्यांच्या ठसठशीत अक्षरात होती.

"डिस्क बदलली. माहिती उतरवली. मेढा शाळा नावाची फाईल दिसली. उघडून वाचली."

खाली त्यांची सही. शेजारच्या रकान्यात, "ताब्यात मिळालं" या शब्दांखाली, माझी सही.

मी वीस वर्षं वर्तमानपत्रात आहे. न वाचलेल्या कागदावर सही करू नका, असं नव्या वार्ताहरांना मीच सांगतो.

हवालदार आले. गजाला हात लावला. मी वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी वाचायचा बहाणा केला नाही.

"व्हय. मीच वाचली."

"आणि सांगितली कुणाला?"

"माझी पोरगी त्याच संस्थेत शिकवती. नोकरीत कायम व्हायची होती. यादीत शेवटचं नाव तिचं." ते खुर्चीवर बसले. "मी तिला एवढंच म्हणलं, त्या बाईंपास्नं लांब राहा, पेपरात काय तरी येतंय. फुडं ती अध्यक्षास्नी बोलली."

"तुम्हाला माहीत होतं ती बोलणार."

ते "व्हय," म्हणाले. "माहीत हुतं."

"ते संगणक तुम्ही स्वतःच्या हाताने जोडले होते, हवालदार."

"बारापैकी सात."

"मला त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"लिवलं हुतं की, पत्रकार. तोंडानं सांगायचा धीर न्हाई झाला. म्हणून लिवलं. वही तुमच्या फुड्यात ठेवली. तुमी वाचाल असं वाटलं." मग खाली बघत म्हणाले, "वाचू नये असं बी वाटलं."

मला राग कशाचा जास्त आला, हे मी तेव्हा ठरवू शकलो नाही. त्यांनी काही लपवलं असतं, तर सोपं झालं असतं. मी गटात कुणाला सांगितलं नाही. नोंद वहीत होती, ज्याला वाचायची त्याने वाचावी. कुणी वाचली नाही. त्या रविवारनंतर हवालदार खोलीवर आले नाहीत. मुजावरभाईंनी महिनाभर त्यांची खुर्ची रिकामी ठेवली, मग तिच्यावर की-बोर्ड रचले.

शिक्षिका अजून डोंगरातल्या शाखेतच आहे. तिने माझा फोन पुन्हा उचलला नाही. हवालदारांची मुलगी कायम झाली.

गेल्या महिन्यात मुजावरभाईंकडे कुंडलहून एक संगणक आला. कॅबिनेटवर चिठ्ठी, चिठ्ठीवर पासवर्ड, ठसठशीत अक्षरात. पाळी माझी होती. मी गजाला हात लावला आणि झाकण काढलं. वीजपुरवठ्याचा डबा जळाला होता, तो बदलला. मशीन सुरू झाली. पडद्यावर फाइली ओळीने मांडलेल्या होत्या. मी मशीन बंद केली आणि वहीत लिहिलं: "डबा बदलला. पंखा साफ केला. धूळ काळी. एकही फाईल उघडली नाही."

न्यायला हवालदारांची मुलगी आली. मी तिला त्याआधी पाहिलं नव्हतं. मी वही पुढे केली, सहीची जागा दाखवली.

"थांबा, वाचते," ती म्हणाली. "आबांनी सांगितलंय, वाचल्याबिगर सही करायची न्हाई."

तिने ओळीखाली बोट धरून सगळं वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. सही केली आणि मुजावरभाईंच्या मदतीने कॅबिनेट खाली नेलं.

मी खिडकीशी गेलो. हायवेच्या कडेला हवालदार उभे होते, या इमारतीकडे पाठ करून. मुलगी जवळ गेली तसे वळले. तिने काहीतरी सांगितलं. त्यांनी तिच्याकडून कॅबिनेट घेतलं, लष्करी ट्रंकेसारखं खांद्यावर चढवलं आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागले. वर पाहिलं नाही. मीही हाक मारली नाही. माझा हात गजावर होता, रंग उडालेल्या जागी.