जांभळ्या दोऱ्याचं बदक

कुठलीही वस्तू समोर आली की आमचे काका आधी बोटाच्या पेरानं तिच्यावर टकटक करत, कान लावत आणि निकाल देत, "सिक" किंवा "फिट." मग ते कलिंगड असो, माठ असो, नाहीतर जावयानं आणलेली नवी बॅग असो. प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात डबे तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. नादुरुस्त डब्याला तिथे 'सिक' म्हणतात, आणि यांनी 'फिट' म्हटल्याशिवाय तो रुळावर जात नसे. मी त्याच कारखान्यात कारकून आणि क्वार्टरमध्ये त्यांचा शेजारी. मी त्यांना काका म्हणे, ते मला "कारकून" म्हणत. असा एखादा गृहस्थ तुमच्याही शेजारी असेल. नसेल, तर तुमच्या आंघोळी वेळेवर होत असणार.

उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणात, मात्र काकांची शिस्त गच्चीखालीच राही. पतंगाचा दोरा ते स्वतः उभे राहून रंगवून घेत, दर वर्षी जांभळा. कोणी कापलं ते लोकांना कळायला नको का? त्या वर्षी वासी उत्तरायणाच्या, म्हणजे सणाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पतंग कापल्याची "लपेट!" अशी आरोळी ठोकली आणि पतंगाऐवजी एक बदक काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर येऊन पडलं. थंडीत आमच्याकडच्या तळ्यांवर उतरतात त्यांतलं, तपकिरी, जंगली. पंखात दोरा रुतला होता. जांभळा.

"कोणाचाही असेल हो दोरा," मी म्हणालो.

"कोणाचाही कसा? माझा आहे. कारण, निष्काळजीपणा. जबाबदार, मी. लिहून घ्या, कारकून."

माझ्या हातात फिरकी होती, कागद नव्हता. तरी मी मान हलवली.

पतंगाच्या दिवसांत जखमी पक्ष्यांवर उपचारासाठी मांडव घालतात, तिथे आम्ही बदक नेलं. डॉक्टर बाईंनी टाके घातले आणि गुजरातीत सांगितलं, "काका, हाडकुं बची गयुं. दोढ महिनो साचवो, पछी उडशे." हाड वाचलं होतं, दीड महिना सांभाळलं की ते उडणार होतं. पण ऊन तापू लागलं की यांचे थवे उत्तरेला निघतात, त्याआधी हे उडालं नाही तर एकटं मागे राहील, असंही त्यांनी बजावलं.

"कुठवर जायचंय त्याला?"

"सायबेरिया बाजू."

"एवढ्या लांब? विनापास?" काका हादरलेच.

मांडवात कबुतरांची इतकी गर्दी होती की, दर आठवड्याला दाखवायला आणायचं या अटीवर बाईंनी बदक काकांच्याच हवाली केलं.

बदकाला पाणी हवं, म्हणून न्हाणीघरातला हौद त्याला देण्यात आला आणि काकांचं बिऱ्हाड आंघोळीला आमच्याकडे येऊ लागलं. सकाळी साडेसहाला खांद्यावर टॉवेल टाकून काका दारात हजर. माझा नंबर आठला लागे. मी रोज उशिरा कारखान्यात पोचे आणि तिथे "काय कारकून, झोप झाली का?" म्हणून विचारणारेही तेच.

पहिल्या दिवशी त्यांनी सेव-उसळीतले वाटाणे धुऊन बदकापुढे ठेवले. बदोबा मान फिरवून बसले. डॉक्टर बाईंनी काकांना असं झापलं, की दुसऱ्या दिवसापासून ते भात भिजत घालू लागले आणि युनिफॉर्मची पॅन्ट दुमडून तळ्यातलं शेवाळ गोळा करू लागले. काकू म्हणाल्या, "माझ्या बाळंतपणात यांनी साधा डिंक आणला नव्हता."

फेब्रुवारी सरता सरता बदक खोलीभर उडून कपाटावर बसायला लागलं. बाई म्हणाल्या, "काका, हवे छोडी दो." आता सोडून द्या, असं. काकांनी पंखाशी कान नेला. "डाव्या बाजूला आवाज आहे. सिक." पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मला तर कसलाच आवाज येत नव्हता. घरोघरी पंखे सुरू झाले, डभोईकडून येणारे लोक म्हणू लागले की तळी रिकामी होतायत, आणि काका आपले कान लावून बसलेले.

शेवटी काकू न्हाणीघराच्या दारात उभ्या राहिल्या. "अहो, जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडल्यात. आता ह्याची गाडी चुकवणार का?"

काका बदकाच्या पंखावरून बोट फिरवत म्हणाले, "पुन्हा पडलं तर? एकदा मीच पाडलंय ना." त्या दिवशी मला त्यांची पहिल्यांदा दया आली.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाईंना कळवून आम्ही डभोईच्या रस्त्याला लागलो. स्कूटरवर मागे मी आणि माझ्या मांडीवर झाकणाची टोपली. प्रत्येक खड्ड्याला काका गाडी थांबवून विचारत, "बरं आहे ना?" हा प्रश्न टोपलीला असे.

तळ्यावर शेवटचा एक थवा उरला होता. टोपली उघडताच बदक पाण्यात उतरलं, एकदाही मागे न बघता पोहत गेलं आणि त्या घोळक्यात मिसळलं. आम्ही काठावर बसून राहिलो. तासाभरानं कोणाची तरी म्हैस पाण्यात शिरली आणि अख्खा थवा फडफडत उठला.

"आपलं कुठलं हो?" काकांनी मान वर करून विचारलं.

मी डोळे ताणून पाहिलं. सगळी सारखीच. "नाही कळत, काका."

"मलाही नाही कळत," ते म्हणाले. "म्हणजे काम बरं झालंय." थवा लहान होत गेला. "कारकून, मला आता रडू येतंय. तुम्ही जरा तळ्याकडे बघा."

मी तळ्याकडे बघत राहिलो. पाण्यावर एकही बदक मागे राहिलं नव्हतं.