K म्हणजे केळे नव्हे

K म्हणजे केळे असे मी आयुष्यात, कोणत्याही वर्गात, कोणत्याही विद्यार्थ्याला शिकवलेले नाही. हे वाक्य मला ऐंशी ओलांडल्यावर लिहावे लागते, यातच आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या कर्तबगारीचे मोजमाप आले.

सावद्याजवळच्या एका हायस्कुलात मी रसायनशास्त्र शिकवले. नोकरीची सगळी वर्षे तिथेच गेली. आता जळगावला मुलाकडे राहतो. गेल्या वर्षी एका जुन्या तुकडीने, म्हणजे आता स्वतःच आजोबा झालेल्या मंडळींनी, शाळेला नवी प्रयोगशाळा बांधून दिली. चांगले केले. भिंतीवर आवर्त सारणी बसवली, एका मूलद्रव्याला एक फरशी. तेही चांगले. मग सारणीखाली माझा फोटो लावायचे ठरले, आणि फोटोखाली दगडात कोरायचा मजकूर मला फोनवर पाठवण्यात आला: ‘K म्हणजे केळं! – आमचे लाडके सर.’ उद्घाटनाला आठ दिवस उरले होते.

मेलेल्या माणसाच्या तोंडी लोक काहीही घालतात, त्याला इलाज नाही. मी मात्र जिवंत आहे आणि दोन वेळ जेवतो.

या मजकुराचा जनक आज केळीचा मोठा व्यापारी आहे. दर मेळाव्यात तो ही कथा सांगतो आणि दर वेळी ती वाढते. पहिल्या आवृत्तीत मी फळ्यावर K लिहून शेजारी केळे काढले. दुसरीत मी पिशवीतून खरे केळे काढले. तिसरीत ते वर्गासमोर सोलून खाल्ले. मला केळे पचत नाही, हे त्या वर्गातल्या बाकांनाही ठाऊक होते. मी मूळचा धुळ्याकडचा. आमच्या घरी ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात. तेवढ्या आधारावर ‘Se म्हणजे शे’ हा आणखी एक शोध त्याने माझ्या नावावर जमा केला. सेलेनियमने त्याचे काय घोडे मारले होते, देव जाणे. घडामागे दोनशे ग्रॅमचा फरक निघाला तर मापाड्याशी तासभर भांडणारा हा गृहस्थ शब्दांच्या बाबतीत मात्र वजनकाटा घरी ठेवून येतो.

घडले ते असे. नववीच्या सहामाही परीक्षेत मी प्रश्न घातला होता: पोटॅशिअमचे चिन्ह K का? या विद्वानाने लिहिले, ‘कारण ते केळात असते आणि केळाचे पहिले अक्षर K आहे.’ मी शून्य दिले. पेपर वाटल्यावर तो टेबलाशी आला.

“सर, पोटॅशिअम केळात असतं हे तर खरं ना? मंग अर्धा मार्क तरी द्या.”

“अर्धा मार्क अर्ध्या सत्याला मिळतो. तुझं सत्य नाही, योगायोग आहे.”

“योगायोगाले काहीच नसतं का, सर?”

वर्ग हसला. मी हसलो नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने केळीचे वाळलेले पान घेऊन यावे, असे सांगितले. त्या भागात वाळल्या पानाचा तुटवडा कधी नव्हता.

पाने आम्ही काचेच्या पेटीतल्या तराजूवर तोलली. पंखा बंद, दारे बंद. वजने चिमट्याने उचलायची, कारण बोटाचा घाम हेही वजन असते. काटा डोलायचा थांबेपर्यंत बोलायचे नाही. दहा ग्रॅम पान जाळले, तेव्हा ग्रॅमभरही राख उरली नाही. ती पाण्यात ढवळून गाळली आणि गाळलेले पाणी आटवले. तळाशी पांढरट क्षार राहिला. तारेच्या टोकावर तो घेऊन ज्योतीत धरला, तर ज्योत पिवळीधमक. मुले म्हणाली, पिवळी. मी म्हणालो, पिवळा रंग सोडिअमचा आहे. ते मिठात असते, तुमच्या घामट बोटांतही असते, आणि जिथे जाते तिथे दुसऱ्या कोणाला दिसू देत नाही. मग कोबाल्टची निळी काच डोळ्यांसमोर धरायला दिली. तिच्यातून पिवळा रंग गाळला जातो आणि पोटॅशिअमचा जांभळा तेवढा उरतो. चाळीस मुलांनी एकेक करून पाहिले. त्यानंतर मी सांगितले की K हे चिन्ह कॅलियम या लॅटिन नावाचे आहे, त्याच्या मुळाशी अरबी शब्द आहे, आणि त्या शब्दाचा अर्थ झाडपाल्याची राख. पोटॅशिअम हे नावदेखील भांड्यात उकळलेल्या राखेवरूनच पडले. खोडातला असो की राखेतला, त्याचा अणू एकच, केंद्रात एकोणीस प्रोटॉन असलेला. त्याला सावदा ठाऊक नाही आणि मराठी बाराखडीही येत नाही.

हे सगळे विसरून जो माणूस फक्त केळे लक्षात ठेवतो, त्याच्या स्मरणशक्तीला काय म्हणावे?

मी त्याला फोन लावला. “हा दगड बसणार नाही,” म्हणालो.

“सर, लोकांले आवडतं ते. तुमची आठवण राहते.”

“माझी नाही, तुझ्या चुकीची आठवण राहते. माझ्या फोटोखाली.”

“आता कोरायले दिलं ना, सर.”

“कोरणाऱ्याला थांबव. मी परवा येतो.”

निळी काच माझ्याकडेच होती. निवृत्तीच्या दिवशी शाळेने शाल दिली आणि मी काच मागून घेतली. शाल कुठे आहे ते मला माहीत नाही. रुमालात गुंडाळलेली काच सदऱ्याच्या खिशात ठेवून मी सकाळच्या एसटीने सावद्याला गेलो. व्यापारी स्टँडवर गाडी घेऊन उभा होता. मुख्याध्यापिका प्रयोगशाळेत थांबल्या होत्या. नवे ओटे, नवे बर्नर, आणि तराजू म्हणून आकडे दाखवणारी एक चपटी डबी. तिच्यावर पंखा सुरू होता आणि आकडे नाचत होते. ते कोणाच्याही लक्षात आले नव्हते.

व्यापाऱ्याच्याच बागेतले पान जाळले. तार ज्योतीत धरली.

“पिवळं दिसतंय, सर,” मुख्याध्यापिका म्हणाल्या.

मी काच त्यांच्या हाती दिली. त्या पाहत राहिल्या, मग त्यांनी काच व्यापाऱ्याकडे सरकवली. त्याने चष्मा काढून काचेला डोळा लावला. नंतर भिंतीपाशी जाऊन त्याने दोन फरशांवर बोट ठेवले, आधी अरगॉन, मग पोटॅशिअम.

“सर, हे अजूनही तसंच? अरगॉन जड आणि तरी आधी?”

हा प्रश्न त्याने नववीतही विचारला होता. सारणी वजनाने लागत नाही, प्रोटॉनच्या संख्येने लागते, हे सांगायची संधी मला त्या वर्गात त्याच्यामुळे मिळाली होती. साऱ्या तुकडीतला तो एकच चांगला प्रश्न. तो विसरलेला नाही, हे पाहून मी क्षणभर माझे भांडण बाजूला ठेवले. क्षणभरच, कारण लगेच तो वळला आणि माझ्याच बोलीत म्हणाला, “पण सर, आते ते पक्कं झालं. केळमाच K शे.” म्हणजे K केळ्यातच आहे.

मुख्याध्यापिका पदराआड हसल्या. मी खिशातून पेन काढले, ओट्यावरच्या कागदातला कोरायचा मजकूर आडवा खोडला आणि खाली लिहिले: ‘K हे चिन्ह राखेवरून आले आहे, केळ्यावरून नव्हे.’ सहीदेखील केली. लाडके हा शब्द वगळायला सांगितला.

“यात मजा नाही राहिली, सर,” तो म्हणाला.

“मजेचा दगड तू तुझ्या वखारीत बसव.”

दगड माझ्या मजकुरासह बसला. मी उद्घाटनाला गेलो नाही. तिथे चौथी आवृत्ती ऐकावी लागली असती. काच मात्र परत आणली नाही. ती तिथे बर्नरशेजारी असणे आवश्यक होते.

महिन्याभराने मुख्याध्यापिकांचा फोन आला. मुले दगडासमोर उभी राहून विचारतात, म्हणाल्या, केळ्याचा संबंध काय? म्हणून आता दर वर्गाला पान जाळून दाखवावे लागते. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. अडचण वेगळीच होती.

“मुलं विचारतात, सर, की केळ्यावरून असं म्हणालं तरी कोण होतं? काय सांगू?”

मी त्याचे नाव सांगितले. वडिलांचे नाव, आडनाव आणि गाव यांसह, सावकाश, त्यांना लिहून घेता येईल असे.