अर्धी ठेव

लंडनमध्ये क्रॉयडनला ऑफिसच्या मागच्या दारापाशी मी आणि माझा नागपूरचा मित्र दोघांत एकच सिगरेट ओढायचो. पहिली अर्धी माझी. "अर्धी ठेव बे," तो रोज बजावायचा, जसा काही मी एकटाच संपवणार होतो. मग तो हार्ट अटॅकने गेला. मी सिगरेट सोडली आणि तेव्हा नवीनच आलेली ई-सिगरेट घेतली. ओढली की तिच्या टोकाला लाल दिवा लागायचा.

निकोटिन किती हवं, ते मात्र जमेना. आजवर अर्धीच ओढलेली, म्हणून आधी लाइट घेतली. तलफ भागेना. स्ट्राँगने डोकं गरगरलं. मीडियमने गरगरायचंही आणि तलफही राहायची. असं होऊच शकत नाही, असं म्हणत दुकानदार वैतागला. होतंय ना पण, मी त्याच्यावर खेकसलो.

त्या संध्याकाळी त्याच दारापाशी मीडियम ओढत होतो. ही जळत नाही, त्यामुळे अर्धी कधी झाली ते कळतच नाही. तरी मध्येच ती धरलेला माझा हात सवयीने डावीकडे गेला, तो उभा राहायचा तिकडे. बाजूला कोणी नव्हतं. मी हात मागे घेणार, तेवढ्यात टोकाचा लाल दिवा लागला.