कोनाड्यातला प्रसाद

मागच्या रविवारी तू फोनवर विचारलंस, की पोथ्यांमध्ये देव एवढ्या मोठ्या शिक्षा देतो, त्या न्यायाच्या की क्रूरपणाच्या. मी विषय बदलला. ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे. तुझ्या भावालाही वाचून दाखव. मराठी वाचताना तो अडखळतो.

आणीबाणीच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. आम्ही अड्याळला राहत होतो. नागपुरात इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली मी गावच्या शाळेत शिकवत होते. घरात सासरे होते. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना मामाजी म्हणत असे. शिवाय तुमच्या आजोबांचे थोरले भाऊ आणि त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ. मी त्यांना बाई म्हणायची, त्या मला मास्तरीण. माझा भात गिचका झाला की विचारायच्या, "मास्तरीण, याले इंग्रजीत काय म्हणतेत?"

धान कापून झालं की मामाजी दरवर्षी सत्यनारायण घालत आणि पोथी स्वतः वाचत. त्यातली एक कथा तुम्हाला ठाऊक हवी. एका वाण्याची लेक पूजेत असते. नवरा नावेतून परत आल्याचं कळताच ती प्रसाद न घेता धावत सुटते. देव रागावतो आणि नवऱ्यासकट नाव बुडवतो. ती घरी येऊन प्रसाद खाते, तेव्हा नाव वर येते.

त्या वर्षी पूजा सकाळी होती. भासऱ्यांना, म्हणजे त्या थोरल्या भावांना, नदीपलीकडच्या गावी बैलजोडी बघायला जायचं होतं. ते उभ्याउभ्याच शिरा खाऊन निघाले आणि शिदोरी विसरले. बाईंनी हातातला प्रसादाचा द्रोण तसाच कोनाड्यात ठेवला आणि शिदोरी घेऊन मागे धावल्या. परत आल्या तेव्हा पंगत बसली होती. वाढता वाढता द्रोण तिथेच राहून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला. परत येताना वैनगंगेत डोंगा उलटला होता. बाकीचे पोहून निघाले, भासरे सापडत नव्हते.

घरातले सगळे पुरुष नदीवर गेले. मी स्वयंपाकघरात आले, तर बाई कोनाड्यासमोर उभ्या होत्या. द्रोणाला मुंग्या लागल्या होत्या. त्यांनी द्रोण हलकेच झटकला आणि वाळलेला शिरा बोटांनी निपटून खाल्ला, द्रोण चाटला, मग दारात जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसल्या. त्या काय करत होत्या ते मला कळलं होतं. मी अडवलं नाही. त्या क्षणी मीही रस्त्याकडे बघत होते.

तिसऱ्या दिवशी भासरे खालच्या डोहात सापडले.

वर्षश्राद्ध झालं आणि मामाजींनी पूजा पुन्हा घालायचं ठरवलं. मला ते सहन झालं नाही. ओसरीवर मी त्यांच्याशी वाद घातला, सासऱ्यांपुढे कधी बोलले नव्हते इतकं बोलले. म्हटलं, ओंजळभर शिऱ्यासाठी माणूस बुडवायचा, हा कुठला न्याय? आणि चूक बायकोची, तर बुडतो नवरा का? माझ्या वर्गातल्या एका मुलीची चूक झाली म्हणून मी दुसरीला छडी मारली, तर तुम्हीच मला शाळेतून काढायला सांगाल. मामाजी चिडले नाहीत. ते म्हणाले, देवाला शिक्षा करायचीच नव्हती, आठवण द्यायची होती. "पोथीत नाव वर येते का नाही? देव घेते अन् वापस देते. मंग तो क्रूर कसा?"

कॉलेजात मी वादविवादात भाग घ्यायची. समोरच्याचं शेवटचं वाक्य पकडून त्याच्यावरच उलटवायची मला सवय होती. तीच नडली.

मी म्हटलं, "मग आपली नाव का नाही आली वर?"

मी जिंकले होते. तेवढ्यात दाराआडून बाईंचा आवाज आला. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या, हे माझ्या लक्षातच नव्हतं.

"आली असती. म्या मुंग्या झटकल्या, त्याच्यासंगं चार कण खाली पडले. प्रसाद भुईवर पडू देऊ नाही."

वर्षभर त्या हे मनात घेऊन वावरत होत्या. मी आत गेले, त्यांच्याजवळ बसले, समजावू लागले. बाई, हे निव्वळ योगायोगानं झालं, डोंगा जुना होता, माणसं जास्त बसली होती, तुमचा काही दोष नाही. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"मास्तरीण, तू शिकेल आहेस. पण तुह्यं खरं धरलं तर माहा माणूस उगाच गेला. माही चूक असन तर काही कारण तरी आहे. तेवढं मले राहू दे."

मी सूप माझ्याकडे ओढलं आणि तांदूळ निवडू लागले.

पूजा झाली. विधवा म्हणून बाई आतल्या खोलीत बसल्या. त्या काळी तसंच होतं आणि त्याविरुद्ध मी काही बोलले नाही, हेही लिहून ठेवते. वाण्याच्या लेकीची कथा आली, तेव्हा मामाजींनी दोन पानं एकदम उलटली. मी पाहिलं आणि मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला. जमलेल्या कुणाच्या ध्यानात आलं नसतं.

"मामाजी, पान सुटलं," बाई आतून म्हणाल्या.

ते म्हणाले, चष्म्यातून नीट दिसत नाही.

"मले पाठ आहे. सांगू?"

मामाजींनी पानं मागे घेतली आणि वाचायला लागले. नाव बुडाली तिथवर त्यांनी वाचलं. पुढे नुसते ओठ हलत होते. मग आतून बाईंनी सांगितलं, की तिनं प्रसाद खाल्ला आणि नाव वर आली. एकही शब्द न चुकता, सावकाश, शाळेत उभं राहून कविता म्हणावी तसं.